संशोधन करायचंय? आपल्या सीताफळापासून सुरुवात करा!

संशोधन म्हणजे पुण्या-मुंबईचं काम, असं वाटणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ही पोस्ट.

अंबाजोगाईत सीताफळ संशोधन केंद्र आहे. ते परभणीच्या, 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचं. ‘धारूर-6’ हे वाण तर आपल्याच जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याचं नाव मिरवतं. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तरी प्रश्न भरपूर शिल्लक आहेत:

🔸 वनस्पतिशास्त्र: फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात. म्हणून फळधारणा कमी. हाताने परागीभवन केलं की ती वाढते; आपल्या बागांत किती वाढते?
🔸 कीटकशास्त्र: परागीभवन करणारे बारीक भुंगेरे आपल्या डोंगरात कधी, किती दिसतात?
🔸 अन्नतंत्रज्ञान: तोडलेलं फळ दोन-चार दिवसांत मऊ पडतं. गर टिकवायचा कसा?
🔸 अर्थशास्त्र: बाजारभावातला किती वाटा तोडणाऱ्याच्या हाती पडतो?

बीड, धारूर, अंबाजोगाईच्या कॉलेजांनी एकाच नमुन्याच्या नोंदवह्या ठेवाव्यात, दर महिन्याला एकत्र बसून आकडे ताडून पाहावेत, शेतकऱ्यांनाही सोबत घ्यावं आणि निष्कर्ष मराठीत छापावेत. संशोधकांचा समूह असाच उभा राहतो. प्राध्यापक मंडळी, या हंगामापासून सुरुवात करूया!

#बीड #सीताफळ #संशोधन