स्टेंट रुग्णालयाच्या कपाटात, मालकी मात्र पुरवठादाराची. काय आहे ‘व्हीएमआय’?

अँजिओग्राफी सुरू असताना डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकावा लागेल.’ तुम्ही सही करता आणि काही मिनिटांत स्टेंट टेबलवर हजर असतो. गंमत म्हणजे अनेक खासगी रुग्णालयांत त्या क्षणापर्यंत तो रुग्णालयाने विकतच घेतलेला नसतो. कॅथलॅबच्या कपाटातले ते खोके वितरकाच्या मालकीचे असतात.

हे कसे चालते?

किराणा दुकानातला पाववाला आठवा. तो सकाळी येतो, किती पाव उरले ते मोजतो, शिळे परत नेतो, ताजे ठेवतो आणि खपलेल्या मालाचे पैसे घेतो. दुकानदार ऑर्डर देत नाही. साठ्याची काळजी पुरवठादाराने घेण्याच्या या पद्धतीला ‘व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी’, म्हणजेच व्हीएमआय म्हणतात. १९८०च्या दशकात वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी ती अमेरिकेत गाजवली. इंजिनिअरिंगला हा धडा डायपरच्या उदाहरणाने शिकवतात, पण रुग्णालयात तो जास्त नीट समजतो.

कारण स्टेंटचा एकच साइज नसतो. रक्तवाहिनी किती रुंद, ब्लॉकेज किती लांब, यावर निवड होते. व्यास साधारण सव्वादोन ते चार मिलिमीटर, लांबी आठ मिलिमीटरपासून चाळीसच्या पुढे. नेमका कोणता लागेल हे टेबलवरच कळते. म्हणजे सगळेच साइज हाताशी हवेत. ते विकत घेऊन ठेवायचे तर मोठी रक्कम अडकते आणि न लागलेले साइज एक्स्पायर होतात. वितरकाला हे सोपे जाते. एका रुग्णालयात पडून असलेला, मुदत जवळ आलेला स्टेंट तो जास्त केसेस होणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात हलवू शकतो. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही असेच होते. सगळ्या मापांचा सेट येतो, लागेल तो वापरला जातो, बाकीचा परत जातो.

मग अडचण कुठे आहे?

मालकी ज्याची, माल हलवायचा हक्कही त्याचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने (एनपीपीए) स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेल्याला २९,६०० रुपये, कर वेगळे. त्याआधी लेप असलेल्या स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या वर मोजावे लागत. मर्यादा लागताच काही ठिकाणांहून स्टेंट मिळत नसल्याच्या, नवी किंमत छापण्यासाठी साठा परत नेल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी केंद्र सरकारला औषध किंमत नियंत्रण आदेशातील विशेष अधिकार वापरून, सहा महिने पुरवठा सुरू ठेवा, असे कंपन्यांना बजावावे लागले. कपाट रुग्णालयाचे होते, पण कपाटात काय राहणार हे ठरवणारा दुसराच होता.

दुसरी गोष्ट निवडीची. कपाटात ज्याचा माल, त्याचाच वापर होण्याची शक्यता जास्त. शिवाय वितरक अनेकदा महिनोन्‌महिने पैशांची वाट पाहतो. हा उधारीचा खर्च तो स्वतःच्या खिशातून भरेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

सरकारी रुग्णालयांत ही पद्धत का नाही?

तिथे निविदा, दरकरार, मागणी, मग पुरवठा असा क्रम असतो. महाराष्ट्रात २०१७ पासून ही खरेदी हाफकिनकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. व्हीएमआय हवी असेल तर दोन गोष्टी लागतात: रोजच्या वापराची खरी नोंद आणि वेळेवर पैसे. बिल थकवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कपाटात कोणीही स्वतःचा माल ठेवणार नाही. सॉफ्टवेअर त्यानंतरचा प्रश्न.

रुग्णाने काय पाहावे?

स्टेंटच्या खोक्यावर सुटे होणारे स्टिकर असतात. त्यातला एक रुग्णाच्या फाइलमध्ये लागतो. एनपीपीएच्या आदेशानुसार बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी लागते. सोबत ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबरही. डिस्चार्जच्या वेळी बिलावरचा बॅच नंबर स्टिकरशी जुळवून पाहा आणि स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.