मंदावलेलें आउटबोर्ड यंत्र



वर्सोव्याहून मढला, मार्व्याहून मनोरीला किंवा बोरिवलीहून गोराईला जातांना मध्यें खाडी आडवी येते, हें उपनगरांतील श्रोत्यांस निराळें सांगावयास नको. तरीवरच्या मोठ्या नावेचें यंत्र बहुधा तिच्या पोटांत बसविलेलें असतें. परंतु त्याच खाड्यांतून ये-जा करणाऱ्या लहान होड्या पाहिल्या, तर कित्येकींच्या मागील फळीवर एक यंत्र टांगलेलें दिसतें. हेंच आउटबोर्ड यंत्र. वर इंजिन, मधून खालीं उतरणारा उभा दांडा, तळाशीं त्या दांड्याची फिरकी आडवी करणारीं दांतेरी चाकें, आणि शेवटीं पाणी मागें लोटणारा पंखा, असा हा सारा संसार एकाच खांबावर उभा असतो. लहान आकाराचें यंत्र एकटा मनुष्य उचलून घरीं नेऊं शकतो. त्याच्या लोकप्रियतेचें मर्म यांतच आहे.

या कल्पनेवर अनेकांनीं प्रयोग केले. परंतु नॉर्वे देशांत १८७७ सालीं जन्मलेल्या आणि पुढें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें १९०९ च्या सुमारास आपलें यंत्र बाजारांत आणलें, आणि त्यानंतर अशा यंत्रांचा प्रसार झपाट्यानें झाला. एव्हिनरूड नांवाच्या यंत्रांचें उत्पादन २०२० सालीं थांबलें. मात्र इतर कारखान्यांच्या यंत्रांतून ती मूळची रचना अजून चालू आहे, आणि रचनेबरोबर तिचे जुने रोगही चालू आहेत.

या रोगांत सर्वांत फसवा रोग म्हणजे मंदपणा. यंत्र सुरू होतें, आवाजही करतें, पण होडी म्हणावी तशी पुढें सरकत नाहीं. यंत्र साफ बंद पडलें, तर मनुष्य नांगर टाकतो, वल्हीं हातीं घेतो, मदतीला हांक मारतो. मंद यंत्र मात्र त्याला आशा लावून ठेवतें. या आशेची किंमत किती पडते, तें एका साध्या हिशेबानें कळेल. समजा, होडीचा स्वतःचा वेग तासाला सहा सागरी मैल आहे, आणि ओहोटीचें पाणी तासाला तीन मैलांच्या वेगानें समुद्राकडे धांवत आहे. खाडींत परत शिरणाऱ्या होडीच्या पदरांत तासाला तीन मैल पडतात. आतां यंत्र मंदावून वेग चारावर आला, तर पदरांत पडतो अवघा एक मैल. वेग घटला एक तृतीयांशानें. परंतु तासाभराची वाट तीन तासांची झाली, आणि इंधन मात्र तासाभराचेंच बरोबर घेतलेलें असतें. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीं भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें. इतकें पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडांतून बाहेर पडावयाचें, तेव्हां त्याचा जोर केवढा असेल, याची कल्पना करावी.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, यंत्र खरोखरच मंद झालें आहे काय? कीं पाणीच उलट आहे? हल्लीं वेग दाखविण्याची सोय खिशांतील दूरध्वनींतही असते. एकाच अंतरावर एकदां प्रवाहाबरोबर आणि एकदां प्रवाहाविरुद्ध होडी हांकावी, आणि दोन्ही वेगांची बेरीज निम्मी करावी. एकीकडे नऊ आणि दुसरीकडे तीन मैल आले, तर होडीचा स्वतःचा वेग सहा. तो पूर्वीइतकाच असेल, तर यंत्राला दोष देण्याचें कारण नाहीं.

वेग खरोखरच उतरला असेल, तर दुसरा प्रश्न विचारावा, आणि साऱ्या परीक्षेची किल्ली याच प्रश्नांत आहे. पूर्ण जोर दिला असतां इंजिन मिनिटाला किती फेरे घेतें? प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तकांत ही संख्या दिलेली असते. पुष्कळ यंत्रांत ती पांच ते सहा हजारांच्या दरम्यान असते. मोठ्या यंत्रांना फेरे मोजणारें घड्याळ असतें. लहान यंत्रांसाठीं ठिणगीच्या तारेवर गुंडाळावयाचा स्वस्त मापक मिळतो. हा एक आंकडा हातीं आला, कीं निम्मा रोग कळला.

फेरे भरपूर आणि वेग मात्र कमी, असें असेल तर इंजिन निर्दोष आहे. त्याची शक्ति पाण्यापर्यंत पोहोंचत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ पंख्यांच्या मध्यभागीं रबराचा एक तुंबा असतो. पंखा खडकावर आपटला, तर आघात त्या रबरानें सोसावा आणि आंतील दांतेरी चाकें वांचावींत, अशी ती योजना आहे. तो तुंबा सैल झाला, कीं दांडा फिरतो पण पंखा मागें राहतो. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. तुंब्याच्या आंतील व बाहेरील भागावर रंगाची एकच सरळ रेघ ओढावी, होडी जोरानें हांकून आणावी, आणि पुन्हां पाहावें. रेघ तुटून दोन ठिकाणीं सरकली असेल, तर पंखा बदलावा किंवा तुंबा नवा बसवून घ्यावा. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाशीं साधारण समपातळींत असावी. यंत्र फार वर टांगलें, तर पंखा पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि फेसांत नुसता भिरभिरतो. फार खालीं टांगलें, तर खांबच पाण्याला अडथळा करतो.

उलट फेरेच कमी पडत असतील, तर दोन शक्यता उरतात. इंजिनावर ओझें जास्त आहे, किंवा इंजिनांत शक्ति कमी आहे. येथें बहुतेक लोक एकदम इंजिनाचें झांकण उघडतात. तें न उघडतां प्रथम ओझें पाहावें. कारण ओझें पाहण्यास पैसा लागत नाहीं.

ओझ्याची पहिली जागा पंखा. यंत्र बंद करून, त्याची सुरक्षादोरी काढून मगच पंख्यास हात लावावा. दहिसर नदी तुळशीच्या डोंगरांतून निघून मनोरीच्या खाडीला मिळते, आणि ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला. या नद्यांनीं आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, दोऱ्या आणि जाळ्यांचे तुकडे खाडींत तरंगत असतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह व त्यांचे सहकारी यांनीं जो कचरा उपसला, त्यावरून त्याच्या प्रमाणाची कल्पना येते. एक पिशवी पंख्याला लपेटली, तरी होडी निम्म्या वेगावर येते. बारीक दोरी त्याहून घातक. ती पंख्यामागील तेलबंद रबर कापते आणि दांतेरी चाकांच्या पेटींत पाणी शिरतें. त्या पेटींतील तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर हेंच झालें असें समजावें. पवईसारख्या तलावांत प्लास्टिकच्या जोडीला जलपर्णी असते, एवढाच फरक.

ओझ्याची दुसरी जागा होडीचा तळ. खाऱ्या पाण्यांत उभ्या असलेल्या होडीच्या तळावर कवचाचे बारीक जीव चिकटतात, आणि गुळगुळीत तळ किसणीसारखा होतो. तळ खरवडून त्यास योग्य रंग दिला, तर यंत्राला हात न लावतां वेग परत येतो. तिसरी जागा होडीचें पोट. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां फळ्यांखालीं शंभर लिटर पाणी सांचलें, म्हणजे न दिसणारे दीड-दोन उतारू फुकट बसले! दोन लांब पोकळ नळकांड्यांवर फळ्यांची सपाट बैठक बांधलेली पाँटून नांवाची होडी असते, तिच्या बाबतींत हें विशेष ध्यानांत ठेवावें. नळकांड्याच्या सांध्यांतून पाणी आंत झिरपतें, वरून कांहींच दिसत नाहीं, होडी एका अंगाला खोल बसते, आणि दोष मात्र यंत्राच्या माथीं येतो. पंखा नुकताच बदलला असेल, तर त्याच्या पात्यांचा पीळ तपासावा. पीळ एक इंचानें वाढला, कीं फेरे सुमारें दीडशें ते दोनशें कमी होतात.

पंखा व तळ साफ केले, पाणी उपसलें, आणि एकच मनुष्य बसवून होडी हांकली. फेरे पूर्ववत् झाले, तर दोष ओझ्याचा होता. तरीही होत नसतील, तर आतां खुशाल इंजिनाकडे वळावें.

इंजिनाकडे वळतांना पहिला संशय इंधनाचा. टांकीच्या झांकणावर हवा आंत घेणारा लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला, कीं टांकींत पोकळी होते आणि पेट्रोल येईनासें होतें. टांकी व यंत्र यांमधील नळीवर रबराचा एक फुगा असतो. चालत्या यंत्राचा तो फुगा चपटा होऊं लागला, तर टांकीच्या बाजूनें पुरवठा अडला आहे. तो हातानें दाबीत राहिल्यावर वेग परत येत असेल, तर इंधनाचा पंप दुबळा आहे किंवा नळी कोठेंतरी हवा घेत आहे. पावसाळ्यांत यंत्र बंद राहतें, आणि नारळी पौर्णिमेनंतर जुन्याच पेट्रोलवर सुरू केलें जातें. आज आपल्याकडील पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि इथेनॉल पाण्याला जवळ करतें. पाणी पुरेसें मिळालें, कीं तें इथेनॉलला घेऊन टांकीच्या तळाशीं बसतें, आणि नळीचें तोंडही तळाशींच असतें! म्हणून हंगामाच्या आरंभीं जुनें पेट्रोल काढून टाकावें आणि गाळणी बदलावी.

दुसरा संशय ठिणगीचा. दोन सिलिंडरांपैकीं एक निकामी झाला, तरी दुसरा यंत्र कसेंबसें ओढतो. यंत्र थंड झाल्यावर दोन्ही प्लग काढून शेजारीं ठेवावे. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा काळा, ओला निघाला, तर आजारी सिलिंडर सांपडला. चालत्या यंत्राची तार उपटून परीक्षा करूं नये. त्या विजेचा धक्का जीवावर बेतूं शकतो. तिसरी पाहणी जोर देणाऱ्या तारेची. यंत्र बंद असतांना मूठ पूर्ण फिरवावी, आणि हवेची झडप पूर्ण उघडते कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. ताणलेली तार झडप अर्धीच उघडते, आणि चांगलें यंत्र अर्ध्या श्वासावर चालतें.

शेवटची गोष्ट यंत्राच्या मागून उडणारी पाण्याची बारीक धार. इंजिन थंड ठेवणारें पाणी फिरत आहे, याची ती खूण. ओहोटीच्या वेळीं उथळ गाळांतून होडी नेली, कीं पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चकती झिजते आणि धार मंदावते. कित्येक आधुनिक यंत्रें तापल्यावर आपला वेग आपणच उतरवितात. तो मंदपणा रोग नव्हे, रक्षण आहे. अशा वेळीं जोर वाढविणें म्हणजे इंजिन जाळून घेणें होय.

सारांश, क्रम असा धरावा: प्रवाह, फेरे, ओझें, इंधन, ठिणगी, गारवा. जें बाहेर आहे तें आधीं, जें आंत आहे तें मागाहून. या क्रमानें गेल्यास एका स्वस्त गाळणीनें जें काम व्हावयाचें, त्यासाठीं हजारोंचें इंजिन उघडण्याची पाळी येत नाहीं. मात्र ही सारी परीक्षा किनाऱ्याशीं, थांबलेल्या पाण्यांत करावयाची. खाडीच्या तोंडाशीं असतांना यंत्र मंदावलें, तर कारण शोधीत बसूं नये. ओहोटीला जोर चढण्यापूर्वींच होडीचें तोंड फिरवावें. तेंही जमेनासें झालें, तर नांगर टाकून मदत मागावी. होडींत वल्हीं, नांगर आणि प्रत्येकासाठीं तरंगतें जाकीट असलेंच पाहिजे. यंत्र कितीही उत्तम असलें, तरी यांची जागा तें घेऊं शकत नाहीं.