रुग्णशय्येपाशी हृदयाचे श्राव्यातीत परीक्षण

रक्तदाब एकाएकी खालावलेल्या रुग्णाच्या बाबतीत वैद्यकास एक निर्णय तातडीने करावा लागतो: शिरेतून सलाइन द्यावे की नाही? शरीरातील द्रव घटला असेल, तर सलाइन जीवनदायी ठरते. हृदयाचा स्नायूच दुर्बल झाला असेल, तर त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका असतो. केवळ नाडी व बाह्य लक्षणे यांवरून हा भेद पुष्कळदा उलगडत नाही. शय्येपाशी नेता येणाऱ्या सोनोग्राफी यंत्राचे महत्त्व येथेच आहे.

या पद्धतीचा उगम स्वीडनमधील लुंड येथे झाला. हृद्रोगतज्ज्ञ इंगे एड्लर व भौतिकीतज्ज्ञ हेल्मुट हर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये धातूंतील दोष शोधण्याच्या यंत्राने हृदयाच्या हालचालींचे प्रतिध्वनी नोंदविले. शरीराच्या मृदू भागांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५४० मीटर असतो. म्हणून दहा सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सुमारे १३० मायक्रोसेकंद लागतात. या कालावधीवरूनच अंतर कळते.

शय्येपाशी केलेल्या परीक्षणात मोजके प्रश्न विचारले जातात. डावे निलय, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा, जोमाने आकुंचन पावतो काय? उजवे निलय फुगले आहे काय? हृदयावरणात द्रव साचून हृदय दडपले गेले आहे काय? अधोमहाशीर श्वासागणिक मिटते काय?

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ या प्रमाणाने दिले जाते. निलयात १२० मिलिलिटर रक्त भरून ७० मिलिलिटर बाहेर पडले, तर हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते, व ते निरोगी मानले जाते. अनुभवी परीक्षक ते नजरेनेच अजमावून ‘चांगले’, ‘मध्यम’ वा ‘क्षीण’ असे नोंदवितो.

तथापि या शब्दांची व्याप्ती ध्यानी घेतली पाहिजे. ‘आकुंचन चांगले’ म्हणजे ‘हृदय निरोगी’ नव्हे. मायट्रल झडप गळत असेल, तर निलय जोमाने रिकामे होते. परंतु त्यातील काही रक्त मागे परतते आणि शरीरास कमी मिळते. प्रमाण उत्तम, पुरवठा मात्र अपुरा! तसेच, प्रतिमा अस्पष्ट असता ‘दिसले नाही’ असे लिहावे. ‘नाही’ असे लिहू नये. या दोन विधानांतील अंतरावर रुग्णाचे प्राण अवलंबून असू शकतात.

यास्तव हे परीक्षण सविस्तर हृद्‌प्रतिध्वनिलेखनाची जागा घेत नाही. विचारलेल्या प्रश्नापुरतेच त्याचे उत्तर प्रमाण मानावे.