सूत्राचे शिवार

गावाला शिवार असते. शीव ओलांडली की जमीन दुसऱ्या गावची. श्रोतेहो, गणितातल्या फलनालाही अशी हद्द असते. तिला 'प्रांत' म्हणतात. एक संख्या द्यावी आणि ठरल्या नियमाने दुसरी एकच संख्या मिळावी, हे झाले फलन. कोणत्या संख्या द्यायची मुभा आहे, तो त्याचा प्रांत.

हद्द शोधताना दोन जागा आधी पाहाव्यात. ज्या संख्येने छेदात शून्य येईल ती वगळावी. जिने वर्गमूळाखाली ऋण संख्या येईल तीही वगळावी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त या दोन्ही जागा हेरल्या होत्या. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी 'खहर' हे वेगळे नाव दिले, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते असे सांगून टाकले.

पण कागदावर चालले ते वावरात चालेलच असे नाही. समजा, परभणीच्या काळ्या रानात ज्वारीला हेक्टरी ० ते १२० किलो नत्र देऊन पाहिले, आणि क्विंटलमधल्या उताऱ्याचे सूत्र बसले: १० + ०.१६क्ष − ०.०००८क्ष². क्ष म्हणजे नत्राचे किलो. १०० किलोला १८ क्विंटल. आता ३०० घालून पाहा: उणे १४ क्विंटल! ही रास कोणत्या खळ्यावर घालायची? इथे छेदात क्ष नाही, वर्गमूळ नाही. बीजगणित हरकत घेत नाही. त्याहून फसवा १५० किलोचा आकडा, १६ क्विंटल. तो खरा वाटतो. प्रयोग १२० वर थांबला, तेव्हा प्रांतही ० ते १२०. सूत्र दाखवून कोणी त्यापुढचे बोलू लागला, तर प्रयोग कुठवर केला होता, हे त्याला आधी विचारावे.