स्टॅन्लीची बाटली का खपली? आणि तुमच्या प्रपोजलमधलं 'कारण'

पेट पास होऊन गाइड शोधणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात विचारलं, "ताई, प्रपोजलमध्ये 'यामुळे असं होतं' असं लिहिलं की सर लाल पेनने गोल करतात. मग लिहायचं तरी कसं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून मी तिला पाण्याच्या एका बाटलीची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहितेय.

कडी असलेला, वर स्ट्रॉ खुपसलेला तो भलामोठा रंगीत स्टीलचा ग्लास तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिला असेलच. स्टॅन्ली क्वेंचर. त्यातला गाजलेला ४० औंसांचा, म्हणजे साधारण १.२ लिटरचा. स्टॅन्ली हा अमेरिकेतला जुना ब्रँड. २०१९ मध्ये त्याची वर्षाची विक्री होती सुमारे ७.३ कोटी डॉलर. २०२० मध्ये ९.४ कोटी, २०२१ मध्ये १९.४ कोटी, २०२२ मध्ये ४०.२ कोटी आणि २०२३ मध्ये जवळपास ७५ कोटी. चार वर्षांत दसपट! (कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे हे माध्यमांतून आलेले आकडे आहेत. शेवटच्या अंकासाठी भांडू नका, पण वाढ मोठी आहे यात शंका नाही.)

आता विचारा, असं का झालं? बहुतेक जण पटकन सांगतात, "अहो, त्यात बर्फ टिकतो ना!" नोव्हेंबर २०२३ मध्ये एक व्हिडिओ जगभर फिरला होता. एका बाईंची गाडी आगीत जळून गेली, आतला स्टॅन्लीचा ग्लास मात्र शाबूत, आणि हलवला तर आत बर्फाचा खळखळ आवाज. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

थांबा. आधी बर्फ का टिकतो ते बघू, कारण भौतिकशास्त्राचा भाग खरंच सुंदर आहे.

उष्णता तीन वाटांनी आत शिरते: वहन, अभिसरण आणि प्रारण. या ग्लासला दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते. आता गंमत बघा. 'अर्धी हवा काढली तर उष्णताही अर्धीच जाईल' असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. दाब कमी झाला की उष्णता वाहून नेणारे रेणू कमी होतात, पण उरलेल्यांना टक्करही कमी होते आणि प्रत्येक जण जास्त लांब जातो. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि वायूची उष्णतावाहकता जवळजवळ तेवढीच राहते. मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिलं होतं. फायदा कधी सुरू होतो? दोन टकरींमधलं सरासरी अंतर भिंतींमधल्या फटीपेक्षा मोठं झाल्यावर. साध्या हवेत हे अंतर ७० नॅनोमीटरच्या आसपास असतं. दाब दहा लाख पटींनी कमी केला तर ते काही सेंटिमीटर होतं. फट काही मिलिमीटरचीच, त्यामुळे रेणू थेट या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतात. तिथून पुढे जितके रेणू काढाल तितकी गळती कमी.

मग उरतं प्रारण. बाहेर ३५ अंश सेल्सिअस, आत बर्फ म्हणजे ०, आणि भिंतीचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर धरा. भिंती काळ्या असत्या तर स्टेफान-बोल्ट्झमनच्या नियमाने सुमारे १४ वॅट आत आले असते. चकचकीत स्टीलची उत्सर्जकता ०.१ धरली, तर दोन्ही भिंती मिळून हा आकडा ०.७ वॅटवर येतो. अर्धा किलो बर्फ वितळायला १६७ किलोज्यूल लागतात, म्हणजे या हिशेबाने तो अडीच दिवसांहून जास्त टिकायला हवा. प्रत्यक्षात इतका टिकत नाही, कारण बरीचशी उष्णता भिंतीतून नाही तर तोंडाकडून शिरते: झाकण, काठ, स्ट्रॉचं भोक. म्हणजे अरुंद तोंडाचा, घट्ट बुचाचा जुना थर्मास या रुंद तोंडाच्या ग्लासपेक्षा उष्णता रोखण्यात सरसच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही दोन भिंतींची युक्ती नवी आहे का? मुळीच नाही. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर अतिथंड वायूंवर काम करत होता. ते साठवायला त्याने मध्ये निर्वात असलेलं दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं केलं. लॅबमध्ये द्रव नायट्रोजन आणायला जाल तेव्हा हातात असतं ते भांडं आजही त्याच्याच नावाने ओळखतात. ड्यूअरने पेटंट घेतलं नाही. जर्मनीतल्या राइनहोल्ड बुर्गर या काचकारागिराला त्यात घरगुती वस्तू दिसली, त्याने पेटंट घेतलं, आणि १९०४ मध्ये 'थर्मोस' कंपनी उभी राहिली. ड्यूअर कोर्टात गेला आणि हरला. (पेपर छापण्याआधी पेटंटचं विचारा, असं विद्यापीठातले लोक सांगतात तेव्हा मला हाच माणूस आठवतो.)

काच फुटते. १९१३ मध्ये विल्यम स्टॅन्लीने संपूर्ण स्टीलची निर्वात बाटली काढली. हा माणूस मुळात विद्युत अभियंता. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात ट्रान्सफॉर्मर वापरून प्रत्यावर्ती प्रवाहाने दिवे लावणारा तोच. पुढे कित्येक दशकं त्याच्या नावाची हिरवी बाटली कामगार, शिकारी आणि तंबू ठोकून राहणाऱ्यांच्या हातात दिसायची. मध्यंतरी हा ब्रँड अलाद्दीन कंपनीकडे होता. हीच ती कंपनी, जिने अमेरिकेत 'थर्मोस हा आता सर्वसामान्य शब्द झालाय' असा खटला लढवून १९६३ मध्ये अपिलातही तो जिंकला. आपल्याकडे कोर्टाची गरज पडली नाही. कुठल्याही कंपनीचा असो, आजारी माणसाचा चहा थर्मासातूनच जातो.

आता मूळ प्रश्नाकडे या. निर्वात भिंत १९१३ पासून आहे आणि विक्री उसळली २०२० नंतर. मधली शंभर वर्षं भिंत तीच, भौतिकशास्त्र तेच. जी गोष्ट बदललीच नाही, ती बदलाचं कारण कशी असेल? बर्फ टिकला नसता तर हा ग्लास कोणी घेतला नसता, हे खरं. म्हणून निर्वात ही आवश्यक अट आहे. पण ती २०१९ मध्येही पूर्ण होत होती, आणि प्रतिस्पर्धी हायड्रो फ्लास्कच्या बाटलीतही होतीच. ही कंपनी २००९ मध्ये ओरेगनमध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये सुमारे २१ कोटी डॉलरना विकली गेली. दोघांकडे असलेली गोष्ट दोघांमधला फरक सांगू शकत नाही.

बरं, मग डिझाइन? मोठी कडी, आणि गाडीतल्या कपहोल्डरमध्ये बसेल असा खालून निमुळता आकार. पटण्यासारखं आहे. पण क्वेंचर बाजारात आला २०१६ मध्ये. कडी तीच, बूड तेच, आणि २०१९ मध्ये कंपनी त्याचा नवा साठा करणं थांबवत होती! म्हणजे डिझाइनही त्या तीन वर्षांपुरतं स्थिरच.

महामारी? लोक घरी बसले, आरोग्याचा विचार वाढला वगैरे. पण महामारी सगळ्याच कंपन्यांच्या वाट्याला आली. शिवाय आकड्यांचा क्रम बघा: २०२० मध्ये वाढ साधारण २९ टक्के, खरी दुप्पट झाली ती २०२१ आणि २०२२ मध्ये.

तर मग नेमकं बदललं काय? 'द बाय गाइड' ही खरेदीच्या शिफारशी देणारी साइट चालवणाऱ्या तिघी बायका २०१७ पासून हा ग्लास वाचकांना सुचवत होत्या. माल येणं बंद होतंय म्हटल्यावर त्यांनी कंपनीकडून स्वतःच्या पैशाने घाऊक ५,००० ग्लास उचलले. काही दिवसांत सगळे संपले. ग्राहक होत्या मुख्यतः बायका: नोकरी, मुलं, गाडीतून दिवसभर फिरणं. कंपनीची जाहिरात तोवर बोलत होती डबा घेऊन कामावर जाणाऱ्या पुरुषाशी. २०२० मध्ये टेरेन्स राइली अध्यक्ष म्हणून आले, आधी ते क्रॉक्सचं मार्केटिंग बघायचे. मग रंगांवर रंग आले, मोजक्या संख्येच्या आवृत्त्या आल्या, आणि जळालेल्या गाडीच्या मालकिणीला कंपनीने नवी गाडीही देऊ केली.

माझं मत असं की बदलला तो ग्राहक. म्हणजे कंपनी कोणाला ग्राहक मानते ते. उष्णता रोखण्यात थोडा कमी असलेला ग्लास जास्त खपला, हे यात नीट बसतं. पण हे मत आहे, सिद्ध केलेलं नाही. नवा अध्यक्ष, नवे रंग, बायकांची शिफारस आणि टिकटॉक हे सगळं दोन-तीन वर्षांत एकत्र आलं, त्यामुळे एकाचा परिणाम दुसऱ्यापासून सोडवता येत नाही. शिवाय यशाची गोष्ट बहुतेक वेळा राइलींच्या मुलाखतींतून सांगितली जाते, आणि सांगणारा साहजिकच आपण आलो तिथून सुरुवात करतो. माझं म्हणणं खोटं ठरवायचं असेल, तर २०१८ ते २०२१ मधली रंगवार आणि ग्राहकवार विक्री लागेल. जुन्या हिरव्या बाटलीचीही विक्री त्याच वेगाने वाढलेली निघाली, तर माझं स्पष्टीकरण पडलं.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. माझ्या पहिल्या आरएसी प्रेझेंटेशनमध्ये मी पाच पातळ थरांची वायूसंवेदनशीलता दाखवली आणि छातीठोकपणे म्हटलं, "झिंक ऑक्साइडच्या बँड गॅपमुळे तिसऱ्या नमुन्याचा प्रतिसाद वाढला." बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "पाचही नमुने झिंक ऑक्साइडचेच ना? मग चौथ्याचा का नाही वाढला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बदललं होतं भट्टीचं तापमान, आणि दोन नमुन्यांचं तापमान मी वहीत नीट लिहिलेलंच नव्हतं. फेलोशिपचे पुढचे सहा महिने तेच पाच नमुने पुन्हा करण्यात गेले.

आणखी एक. दसपट विक्री म्हणजे दसपट लोक प्लॅस्टिकच्या बाटल्या सोडून इकडे वळले, असं वाचाल. विक्रीचा आकडा ग्लास मोजतो, माणसं नाही. एकीच्या फळीवर बारा रंग असतील तर ते बारा ग्लास झाले. एकदाच वापरायच्या बाटलीपेक्षा स्टीलचं भांडं बनवायला कितीतरी जास्त ऊर्जा लागते. ती वसूल होते एकच भांडं वर्षानुवर्षं वापरलं तर.

घरी जुना थर्मास आणि नवा टंबलर दोन्ही असतील तर करून बघा. फ्रीझरमधला बर्फ लगेच घालू नका, तो शून्याच्या खूप खाली असतो. पृष्ठभाग ओला चमकायला लागेपर्यंत थांबा. मग दोन्हींत ३०० ग्रॅम घाला, झाकणं लावा, सहा तासांनी वितळलेलं पाणी गाळून वजन करा. ग्रॅमला ३३४ ने गुणा, २१,६०० ने भागा, उत्तर वॅटमध्ये येईल. १०० ग्रॅम पाणी निघालं तर गळती सुमारे दीड वॅट. नंतर टंबलरच्या स्ट्रॉचं भोक चिकटपट्टीने बंद करून पुन्हा मोजा, आणि खोलीचं तापमान दोन्ही वेळा वहीत लिहा.