नांदूर-मध्यमेश्वर : बंधाऱ्याने घडविलेले पक्षितीर्थ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश मुळात कमी पावसाचा. येथील शेतीला पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी या संगमाजवळ दगडी बंधारा बांधण्यात आला आणि त्यातून निघालेल्या कालव्यांनी गोदाकाठची शेती बागायती केली. पक्ष्यांसाठी काही करावे हा विचार त्या योजनेत कोठेही नव्हता. तथापि आज त्याच बंधाऱ्यामागे राज्यातील एक महत्त्वाचे पक्षी अभयारण्य उभे आहे. शासनाने १९८६ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

गाळातून निर्माण झालेली सृष्टी

बंधाऱ्यापाशी नदीचा वेग मंदावतो आणि पाण्याबरोबर वाहून आलेली माती तळाशी बसते. वर्षानुवर्षे साचलेल्या या गाळामुळे जलाशयाची साठवणक्षमता घटली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही हानीच होय. परंतु त्याच गाळाने उथळ पाणी, दलदल, चिखलाचे काठ आणि लहानमोठी बेटे निर्माण केली. पाणवनस्पती वाढल्या. त्यांच्या आश्रयाने मासे, शंख-शिंपले, कीटक आणि बेडूक यांची वाढ झाली व त्यांच्यामागोमाग पक्षी आले. या पाणथळ क्षेत्रात वनस्पती व प्राण्यांच्या मिळून ५३६ जातींची नोंद आहे. रामसर स्थळाचे क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे.

पाण्याच्या खोलीनुसार येथील पक्ष्यांच्या जागा ठरतात. खोल पाण्यात बुडी मारून अन्न शोधणारे वारकरी पक्षी व पाणकावळे दिसतात. उथळ पाण्यात तलवार बदक, थापट्या यांसारखी बदके चरतात. चिखलाच्या काठावर तुतवार व शेकाट्या किडे टिपतात. पाणवनस्पतींच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी वावरते, तर काठावरील झाडांवर बगळे व शराटी विसावतात. हिवाळ्यात लडाख, तिबेट आणि मध्य आशिया या दूरच्या प्रदेशांतून चक्रवाक व इतर स्थलांतरित पाहुणे येतात. दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या दिसला की पाण्यावरील बदकांचे थवे एकाच वेळी उडतात. हे दृश्य पाहणाऱ्याच्या दीर्घकाळ स्मरणात राहते.

भेट कशी द्यावी

नाशिकपासून हे स्थळ सुमारे ४० किलोमीटरवर असून निफाड हे सोयीचे रेल्वे स्थानक आहे. चापडगाव येथे वनविभागाची व्यवस्था व निरीक्षण मनोरे आहेत. खाणगाव थडीच्या बाजूनेही पक्षी पाहता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सायंकाळची वेळ निरीक्षणास अनुकूल असते. भडक रंगाचे कपडे टाळावेत, मोठ्याने बोलू नये, पायवाट सोडू नये आणि छायाचित्रासाठी पक्ष्यांना उडवू नये. दूरवरून आलेला पक्षी थंडीत शक्ती साठवीत असतो. त्याला वारंवार उडावे लागले तर परतीच्या प्रवासासाठी साठविलेले बळच खर्ची पडते.

शिक्षकांनी सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना दहा-बारा पक्ष्यांची ओळख करून द्यावी. किती पक्षी पाहिले यापेक्षा कोणता पक्षी कोठे बसला होता व काय खात होता, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास विज्ञानाचा एक पाठच पूर्ण होतो. गावातील तरुण पक्षी मार्गदर्शक म्हणून काम करतात; त्यांना सोबत घेतल्यास ओळख अचूक होते आणि गावालाही उत्पन्न मिळते.

पाण्याचे वाटेकरी

नांदूर-मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. ही उपमा दिसण्यापुरती मर्यादित नाही. भरतपूरची पाणथळ जागाही बांध घालूनच निर्माण झालेली आहे. मानवी हातांनी दिलेले पाणी थांबले की अशा स्थळाचे जीवन संकटात येते, हे तेथील अनुभवाने दाखविले आहे. नांदूर-मध्यमेश्वर येथेही पाण्याची पातळी कालव्यांच्या आवर्तनाप्रमाणे आणि वरच्या धरणांतील विसर्गाप्रमाणे चढते-उतरते. पातळी एकाएकी चढल्यास चिखलाचे काठ बुडतात. फार उतरल्यास उथळ जागा कोरड्या पडतात. शेतकऱ्याचे आवर्तन रोखावे असा याचा अर्थ नव्हे. ऐन हिवाळ्यात पातळीत अचानक फरक पडू नये, यासाठी पाटबंधारे व वन या विभागांनी परस्परांना वेळेवर कळविणे मात्र आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा. गोदावरी नाशिक शहरातून येथे येते. सांडपाण्यातील आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी पोसते. तिचा थर पाण्यावर पसरला की खालच्या वनस्पतींना प्रकाश मिळत नाही, पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि माशांबरोबर पक्ष्यांचेही अन्न नाहीसे होते. जलपर्णी काढणे हा तात्पुरता उपाय होय. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे आणि शेतात खते मोजून देणे, हाच कायमचा उपाय ठरतो.

ग्रामपंचायतींचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची व गावाची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. काठच्या गावांत ही नोंदवही केवळ कागदोपत्री राहू नये. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात आला, कोणता मासा जाळ्यात येईनासा झाला, जलपर्णी कोठवर पसरली, ही माहिती मच्छीमार आणि शेतकरी यांच्याइतकी नेमकी कोणाला सांगता येईल? ती दरवर्षी लिहून ठेवली, तर धोक्याची सूचना वेळीच मिळेल.

पक्ष्यांमुळे पिकांचे नुकसान होते अशी तक्रार आल्यास तिचीही नोंद घेऊन ती वनविभागाकडे पोचवावी. काठच्या शेतकऱ्याला अभयारण्य हे संकट वाटू लागले, तर कोणताही फलक वा कुंपण त्याचे रक्षण करू शकणार नाही.

शेतीसाठी अडविलेल्या पाण्याने एका पक्षितीर्थाला जन्म दिला. ते टिकवावयाचे असेल, तर त्या पाण्याच्या वाटेकऱ्यांत शेतकरी व शहर यांच्याबरोबर पक्ष्यांनाही गणावे लागेल. हा हिशेब मांडण्याचे काम शासकीय कचेरी, शाळा आणि ग्रामसभा या तिन्ही ठिकाणी झाले पाहिजे.