विजयदुर्गची न झालेली लढाई

१२ फेब्रुवारी १७५६. दुपारी खारा वारा सुटला आणि इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार दोन रांगा धरून विजयदुर्गच्या बंदरात शिरले. केंट, कम्बरलँड, टायगर, सॅलिसबरी ही मोठी जहाजे किल्ल्याच्या अंगाला; दुसऱ्या रांगेत लहान जहाजे आणि उखळी तोफांच्या नावा. आंग्र्यांच्या गुराबा नि गलबते तटाच्या आडोशाला, एकमेकींना बांधून, नांगर टाकून उभी होती. संध्याकाळच्या सुमारास एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर फुटला. तुळाजी आंग्र्यांनी ते काही वर्षांपूर्वी इंग्रज कंपनीकडूनच जिंकून आणले होते. ते पेटले, आग एका डोलकाठीवरून दुसरीवर गेली आणि अंधार पडेपर्यंत कान्होजी आंग्र्यांच्या काळापासून उभे राहिलेले आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

म्हणायला ही लढाई. पण आरमार आरमाराला भिडलेच नाही. आपल्याकडे जर-तरची गोष्ट निघाली की ती पानिपतावर जाते. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मराठे ती लढाई जिंकलेले जगही दाखवले. मला मात्र पानिपताच्या पाच वर्षे आधीचा हा दिवस जास्त छळतो.

हिंजवडीत आम्ही काही मित्र नोकरीत संगणकावर मोटारींच्या टकरी घडवतो. एक आकडा बदलायचा, बाकी सगळे तसेच ठेवायचे, आणि पत्रा कुठे दुमडतो ते पाहायचे. अधूनमधून शनिवारी रात्री आम्ही त्याच शिस्तीने विजयदुर्ग टेबलावर मांडतो. वाघोटण खाडीचा मोठा नकाशा, पुठ्ठ्याची जहाजे, फासे, आणि वाऱ्यासाठी दोन रंगांचे पत्ते: दिवसाचा खारा, पहाटेचा मतलई. हा खेळ नवा नाही. फ्रेड जेन या इंग्रज लेखकाने १८९८ मध्येच आरमारी युद्धखेळाचे नियम छापले होते आणि नौदलांचे अधिकारी असे खेळ गांभीर्याने खेळत.

पहिला मोह असतो तो तुळाजींचे सगळे आरमार भरदिवसा खुल्या समुद्रात नेण्याचा. तिथे प्रत्येक वेळी मराठे हरतात, आणि ते बरोबरच आहे. केंटवर ७० तोफा, कम्बरलँडवर ६६, टायगरवर ६०. त्यांच्या एका बगलेचा भडिमार गुराबेला सोसवत नाही. आंग्र्यांची खरी ताकद वेगळी होती. गुराब उथळ पाण्यातही चाले आणि तिच्या नाळेवर पुढे मारा करणाऱ्या तोफा असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून शत्रूच्या पिछाडीला आणत, जिथे मोठ्या जहाजाच्या तोफा कमी. शिडावर अवलंबून असलेले जहाज तेव्हा जागच्या जागी अडकलेले असे.

म्हणून आम्ही वेळ बदलतो. ११ फेब्रुवारीला इंग्रज बंदराबाहेर आले, त्याच रात्री लढाई. पहाटे मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे आंग्र्यांच्या पाठीशी. आधी गवत आणि डांबर भरलेल्या जुन्या होड्या पेटवून सोडायच्या, मग त्यांच्या धुरामागून गलबते. नांगरावरच्या जहाजांना दोर कापून समुद्राकडे हटावे लागते, रांग मोडते, आणि मोडलेल्या रांगेतले एखादे जहाज गाठणे शक्य होते. खेळात वॉटसन बुडत नाही. त्याची दोन-तीन जहाजे मात्र शिडे-डोलकाठ्या गमावून मुंबईला परततात. याहून मोठा विजय आम्हाला फाशांनी कधी दिला नाही, आणि असा विजय दिला असता तर मी खेळाचे नियमच तपासले असते.

रात्रीची ही युक्ती आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १६७९ मध्ये खांदेरीच्या वेढ्यात मराठ्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या लहान होड्या रात्री इंग्रज जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत होत्या. इंग्रज पाहत राहत, पण वाऱ्याविना त्यांना वळता येत नसे.

पण त्या पहाटे हुकूम देणार कोण? वॉटसन आला तेव्हा तुळाजी किल्ल्यात नव्हतेच. ते बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तिथून सुटले नाहीत. पुढचे सारे आयुष्य कैदेत गेले. बदलायचा आकडा समुद्रावर नाहीच, तो आहे १९ मार्च १७५५ च्या करारात. त्या करारानेच नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांना साथीला घेतले. तुळाजी पेशव्यांची सत्ता मानत नव्हते, त्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होते. पुण्याचा राग खोटा नव्हता. तरी घरच्या भांडणासाठी किनाऱ्याचे कुलूप परक्याच्या हाती देणे मला पटत नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा शाहू महाराजांच्या फौजा आणि बाजीराव कान्होजींच्या मदतीला धावले आणि तो हल्ला फसला. म्हणजे आमचे ‘जर’ एकदा खरोखर घडले होते.

मित्र म्हणून आलेल्या इंग्रजांचे वागणेही पाहण्यासारखे आहे. मुंबईहून निघण्याआधीच त्यांनी लुटीची आपसात वाटणी ठरवली, तीत मराठ्यांचा वाटा नव्हता. १२ च्या रात्री रॉबर्ट क्लाइव्हने फौज उतरवली ती किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये, पेशव्यांची माणसे आधी आत शिरू नयेत म्हणून. पुढे विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, पण बदल्यात बाणकोट द्यावे लागले.

खेळाच्या शेवटी आम्ही नकाशा गुंडाळत नाही, पुढच्या वर्षाचे पान काढतो. विजयदुर्गवरून वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासला गेले, तिथून बंगालला. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घेतले. २३ मार्चला फ्रेंचांच्या चंदननगरवर तोफा डागल्या त्या केंट, टायगर आणि सॅलिसबरी या जहाजांनी. त्याच तीन जहाजांनी, जी विजयदुर्गवरून जवळपास धडधाकट बाहेर पडली होती. चंदननगर पडल्यावर बंगालचा नवाब सिराज-उद्दौलाच्या जवळचा फ्रेंचांचा आधार गेला आणि २३ जूनला प्लासी झाली. त्या फेब्रुवारीत केंट आणि टायगर डोलकाठ्या मोडून मुंबईच्या गोदीत पडून असती, तर हुगळीत कोणती जहाजे शिरली असती, हा प्रश्न आम्ही दर वेळी फळ्यावर लिहितो, आणि त्यापुढे दुसरा: तोवर नानासाहेबांना विजयदुर्गचे आरमार कोणत्या कामाला लावता आले असते?